डोंगरावरचं शेख, तिथले उंटवाले अन् त्यांची कुळं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण शेख या गावावर लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आफ्रिकेच्या शिंगावर, एडनच्या आखाताला लागून सोमालीलँड आहे, १९९१ पासून तो स्वतःला वेगळा देश म्हणवतो, त्याचं सरकार, नोटा, निवडणुका सगळं स्वतःचं, पण जगातले बहुतेक देश त्याला अजून सोमालियाचाच भाग धरतात. त्याच्या बर्बेरा बंदरावरून आत निघालं की आधी तापलेलं सपाट मैदान, मग गोलिस डोंगराचा घाट, अन् घाट चढून वर आलं की साधारण १४०० मीटरवर शेख, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षा उंच. गाव छोटंसंच आहे, पुढे रस्ता बुराओ या मोठ्या शहराकडे अन् हौद नावाच्या चराऊ पठाराकडे जातो. त्यावर तुमचे इतके प्रश्न आले की या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच देतोय.

भाऊ, सोमालिया म्हटलं की आम्हाले बंदुका अन् समुद्रातले डाकूच आठवते. तुम्ही तर लय कौतुक करून राह्यले. तिथं खरंच शांतता हाय का? – एक वाचक, दर्यापूर

टीव्हीवर जेवढं दाखवलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं, त्यामुळे तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पण जहाजं पळवणाऱ्या टोळ्या मुख्यतः सोमालियाच्या पूर्व अन् मध्य किनाऱ्यावरच्या, शेखचा भाग त्यात नव्हता. शेखच्या लोकांनी सोसलं ते वेगळंच. मे १९८८ मध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट या बंडखोर संघटनेने बुराओ अन् हरगेसा या शहरांवर हल्ला केला, त्यावर हुकूमशहा सियाद बारेच्या सरकारने स्वतःच्याच शहरांवर विमानातून बॉम्ब टाकले, अन् ती विमानं उडायची हरगेसाच्याच विमानतळावरून. लाखो लोक पायी इथिओपियात गेले. हरगेसाच्या चौकात आज त्यातलंच एक लढाऊ विमान स्मारक म्हणून चढवून ठेवलंय.

१९९१ मध्ये बारे पळाला, मे महिन्यात बुराओच्या सभेत वेगळं व्हायचं ठरलं, पण घराघरात बंदुका शिल्लक होत्या, सरकारची तिजोरी रिकामी होती अन् बर्बेरा बंदर ही एकच दुभती गाय होती. त्या बंदराच्या कमाईवर हात कोणाचा, यावरून १९९२ मध्ये शेखच्या भागातल्या इसाक कुळाच्याच शाखा एकमेकांवर उठल्या, कालपर्यंत एकाच बाजूने लढलेली माणसं. हे भांडण मिटवायला कुठली फौज आली नाही की संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी आला नाही. गदाबुर्सी नावाच्या दुसऱ्या कुळाच्या बुजुर्गांनी मधे पडून सगळ्यांना बोलावलं अन् ऑक्टोबर १९९२ मध्ये बैठक बसली ती शेखमध्येच. बंदर, विमानतळ, मुख्य रस्ते ही कुठल्या एका कुळाची मालमत्ता नाही, ती सगळ्यांची, सरकारच्या ताब्यात राहील, असं तिथं ठरलं. त्याच जोरावर पुढे जानेवारी ते मे १९९३ बोरामा गावी मोठी परिषद झाली, तिथं नवा राष्ट्राध्यक्ष निवडला गेला अन् बुजुर्गांच्या सभेला संसदेचं वरचं सभागृह म्हणून जागा मिळाली, तिचे ८२ सदस्य असतात. माझं शेखवर प्रेम आहे ते याच्यासाठी. उंट-मेंढ्यांवर जगणाऱ्या लोकांनी आपली लढाई आपल्याच रीतीने, चटईवर बसून, दिवसच्या दिवस बोलून थांबवली, अन् याची बातमी आपल्याकडे कोणी दिली नाही.

म्हणून तिथं सगळं छान आहे असंही मी म्हणणार नाही. २००३ मध्ये शेखच्याच शाळेत शिकवणाऱ्या एका ब्रिटिश जोडप्याला गोळ्या घालून मारलं. २०२३ मध्ये पूर्वेकडच्या लास आनोदमध्ये मोठी लढाई झाली, तिथल्या कुळाला सोमालीलँडमध्ये राहायचंच नव्हतं. बुजुर्गांची बैठक तेव्हाच चालते जेव्हा सगळ्यांना आपण त्या चटईवर बसायला मान्य आहोत असं वाटतं.

सर, कुळ म्हणजे आपल्याकडची जातच ना? मग त्यात कौतुक काय? – बी.ए.ची विद्यार्थिनी, मोर्शी

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सोमाली लोकांमध्ये मोठी कुळं म्हणजे दारोद, हाविये, दिर, इसाक, अन् दक्षिणेत शेती करणारे रहनवेन. शेखच्या आसपास, बर्बेरा ते बुराओ पट्ट्यात, इसाकांची वस्ती, त्यातही हबर अवल, हबर जेलो, हबर यूनिस या शाखांची. सगळे इसाक स्वतःला शेख इसाक या एका पूर्वजाचे वंशज मानतात, त्याची कबर किनाऱ्यावर मैध गावी आहे अन् तो अरबस्तानातून आला अशी परंपरा सांगते. पोर बोलायला लागलं की त्याला बापाचं, आज्याचं, पणज्याचं असं एकेक नाव पाठ करून घेतात, वीस-पंचवीस पिढ्या धडाधड म्हणून दाखवणारी पोरं तिथं असतात. दोन अनोळखी माणसं भेटली की दोघं आपापली नावांची साखळी मागे मागे नेतात, जिथं नाव जुळलं तिथून नातं सुरू.

आता जातीशी फरक बघ. हबर अवल अन् हबर यूनिस एकाच भाषेत बोलतात, एकाच पद्धतीने नमाज पढतात, दोघंही उंट पाळतात, एका ताटात जेवतात. जन्माने हा वरचा अन् तो खालचा, याने शिवलं तर विटाळ, हे या कुळांच्या आपसात नाही. लग्नाचं तर उलटंच आहे, जुनी रीत अशी की जवळच्या भावकीत मुलगी करायची नाही, दूरच्या शाखेतली करायची, म्हणजे संकटात जायला अजून एक दार उघडं राहतं. कितीतरी वैरं अशा सोयरिकींनी मिटवली गेली.

मग कुळ करतं काय? ते माणसाची हमी घेतं. समजा एका शाखेच्या माणसाच्या हातून दुसऱ्या शाखेचा माणूस मेला, तर जुन्या हिशोबाने पुरुषासाठी १०० उंट अन् बाईसाठी ५० उंट भरपाई द्यावी लागते. एकट्याने १०० उंट कुठून आणायचे? म्हणून काही शे ते काही हजार पुरुषांचा एक गट असतो, सगळे जवळच्या पूर्वजाचे वंशज, ते मिळून देतात अन् घ्यायची वेळ आली तर मिळूनच घेतात. कोणी किती द्यायचं, जखमेला किती, अपमानाला किती, हे त्यांच्या आपसातल्या करारात ठरलेलं असतं, इंग्रजांच्या काळात असे करार लिहून कचेरीत ठेवत. अख्ख्या भावकीने मिळून काढलेला विमाच म्हण. अन् यात एक धाकही आहे, तापट पोराने सुरी काढली तर उंट सगळ्यांचे जाणार, म्हणून त्याला आवरायला काका, मामा, शेजारी सगळे धावतात. जिथं पोलीस ठाणं शंभर मैलांवर आहे तिथं माणसं याच्या भरवशावर एकमेकांच्या विहिरीवर पाणी पाजू शकतात.

पण तुझ्या प्रश्नातला दुसरा अर्धा भाग मी टाळणार नाही. जातीसारखी गोष्ट तिथं आहेच, फक्त ती इसाक-दारोद यांच्यात नाही. लोहारकाम, चामड्याचं काम, न्हाव्याचं काम करणारे जे लोक आहेत, गाबोये, तुमाल, यिबिर अशी त्यांची नावं, त्यांना उंटवाली कुळं खालचं मानतात. त्यांच्यात मुलगी देत नाहीत, त्यांच्यातली करत नाहीत, कोणी प्रेमाने केलं तर घरचे मोडायला निघतात. त्यांची भरपाई वसूल करायला मागे मोठी भावकी नाही, म्हणून न्यायातही ते कमी पडतात. ज्या बुजुर्गांचं मी वर मनापासून कौतुक केलं त्यांच्या चटईवर या लोकांना कायम कडेची जागा मिळालीय. धर्म सगळ्यांना सारखं म्हणतो अन् तरी हे चालतं. आपल्या मातीत ज्यांनी याच्याविरुद्ध आयुष्य घातलं त्यांची परंपरा आपल्याकडे आहे, त्यामुळे हे वाचताना आपल्याला ते लगेच ओळखू यायला पाहिजे.

आम्ही कुरमार, मेंढ्या घेऊन फिरतो. जंगलवाले आत जाऊ देत नाही, वावरवाले पीक निघाल्याबिगर येऊ देत नाही. तिकडं चराई कोणाच्या मालकीची राहते? – एक मेंढपाळ, मूल तालुका

दादा, तुमच्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण शेखची खरी गोष्ट हीच आहे.

तिथं गवताला मालक नाही, देवाने पाऊस पाडला, गवत उगवलं, ज्याची जनावरं पोचली त्याने चारावं, अशी मूळ रीत. पण विहिरीला मालक आहे, ज्याने अन् ज्याच्या भावकीने खणली तिची. म्हणजे पाणी ज्याच्या हातात, त्याच्या हातात आजूबाजूचं रानही आपोआप येतं, अन् भांडणं बहुतेक तिथंच होतात.

जमिनीचे तीन पट्टे आहेत. समुद्राकाठचा गुबान, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारा, पण हिवाळ्यात तिथं थोडा पाऊस पडतो अन् हवा गोड असते. मधे गोलिसचा डोंगर अन् वरचा माथा, तिथं शेख, विहिरी अन् झरे आहेत, हवा बरी. अन् दक्षिणेला हौदचं पठार, लाल माती, बाभळी, पावसानंतर गुडघ्याएवढं गवत पण कायमचं पाणी नाही. एप्रिल ते जून मोठा पाऊस, त्यावेळी सगळे हौदकडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा थोडा पाऊस. डिसेंबर ते मार्च कोरडा, सगळ्यात कठीण काळ, तेव्हा विहिरींकडे परत यायचं नाहीतर काही जणांनी डोंगर उतरून गुबानला जायचं. या फेऱ्यात शेख मधोमध पडतं, म्हणून ते गाव म्हणून टिकलं. गावाजवळ फर्दूसा नावाच्या मध्ययुगीन वस्तीचे अवशेष पण आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून आत जाणारी वाट फार जुनी.

कुटुंब दोन भागात फिरतं. बायका, लेकरं, म्हातारी माणसं मेंढ्या-बकऱ्यांबरोबर, पाण्याच्या जवळ, कारण त्यांना आठवड्याला तरी पाजावं लागतं. उंटांना दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं, ओला चारा असला तर त्याहून जास्त, म्हणून उंट घेऊन लग्न न झालेली पोरं लांब लांब जातात, महिनोन्‌महिने दुधावरच जगतात. सात-आठ वर्षांचा पोरगा उंटांमागे लागला की तिथून त्याचं शिक्षण सुरू. उंटाच्या अंगावर कुळाची खूण डागलेली असते, शंभर कोसांवर चुकलेला उंट सापडला तरी कोणाचा ते कळतं. रात्री जनावरं काट्यांच्या कुंपणात घालतात, बाहेर तरस फिरतात.

मेंढी त्यांची वेगळीच, अंग पांढरं, डोकं काळंकुट्ट, शेपटीच्या बुडाला चरबीचा गोळा, अन् लोकर नाही, नुसते केस. दुष्काळात त्या चरबीवर तगते. हीच मेंढी दक्षिण आफ्रिकेत गेली अन् तिथल्या शास्त्रज्ञांनी डॉर्सेट मेंढ्याशी तिचा संकर करून डॉर्पर नावाची मटणाची जात काढली, ती आज जगभर पाळतात. म्हणजे ज्या जनावराचं बियाणं या फिरस्त्यांनी शेकडो वर्षं जपलं त्याचा धंदा दुसरेच करतात.

आता तुमच्या त्रासाचं. तुम्हाला जसा फॉरेस्टचा खांब आडवा येतो तशी त्यांना देशाची सीमा आडवी आली. १८९७ मध्ये इंग्रज अन् इथिओपियाच्या राजाने करार करून सीमा आखली, हौदचा बराचसा भाग इथिओपियाकडे गेला, ज्यांच्या मेंढ्या तिथं चरत होत्या त्यांना कोणी विचारलं नाही. चरायला जायची मुभा कागदावर ठेवली, पण १९५४ मध्ये इंग्रजांनी तिथला कारभार पूर्ण सोडायचा करार केला तेव्हा लोक इतके चिडले की लंडनपर्यंत शिष्टमंडळं गेली. स्वातंत्र्याच्या मागणीला खरा जोर आला तो या चराईमुळे. मग १९५० नंतर हौदच्या पठारावर सिमेंटची टाकी जमिनीत बांधून पावसाचं पाणी साठवायची पद्धत आली. त्याने सोय झाली, अन् नुकसानही झालं, कारण टाकी म्हणजे मालकी, माणसं तिथंच थांबायला लागली, पूर्वी जे रान सहा महिने विश्रांती घ्यायचं ते बारमाही तुडवलं जायला लागलं. त्यात कोळशासाठी बाभळी तोडल्या, अन् किनाऱ्याकडे आपली वेडी बाभूळ माजलीय. वाट मोडली की रान मोडतं. आपल्याकडे वावरात मेंढ्या बसवून शेतकरी खत घेतो अन् मेंढपाळ दाणापैसा घेतो, हा जुना व्यवहार अजून थोडा जिवंत आहे, तो टिकला पाहिजे असं मला फार वाटतं, अन् वनखात्याच्या माणसांनी तुमच्या वाटा आधी नकाशावर घेऊन मग काय ते ठरवावं.

दुष्काळाचं पण सांगतो. १९७४-७५ च्या दुष्काळात जनावरं एवढी मेली की सरकारने उत्तरेतल्या हजारो फिरस्त्यांना सोव्हिएत विमानांनी दक्षिणेत नेऊन शेती अन् मासेमारीला लावलं. ज्याने आयुष्यात मासा खाल्ला नाही त्याला जाळं दिलं. पाऊस सुरू झाल्यावर त्यातले कितीतरी पुरुष परत आपल्या जनावरांकडे गेले. यात त्यांचा अडाणीपणा बघू नका, कोरड्या जमिनीवर फिरणं हेच शहाणपण आहे हे त्यांना माहीत होतं.

उंटिणीच्या दुधाने शुगर बरी होते म्हणतात, आमच्या इकडे ऑनलाइन मिळते, घ्यावं का? – एक गृहिणी, वरूड

ताई, दूध म्हणून प्यायला हरकत नाही, उकळून प्या, पण त्याच्यासाठी शुगरची गोळी बंद करू नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. सोमाली लोकांकडे ते औषध नाही, रोजचं जेवण आहे. मुळांच्या तंतूंनी घट्ट विणलेल्या भांड्यात ते ठेवतात, अन् भांडं धुण्यापेक्षा धुरावतात, ठरावीक झाडाची जळती काडी आत फिरवून बंद करतात, त्याने दूध लवकर नासत नाही अन् त्याला धुराची चव येते, ती चव नसेल तर म्हातारी माणसं दूध बाजूला सारतात.

इंग्रजांनी तिथे राज्य केलं असं लिहिलंत. आपल्या देशाचा त्यात काही संबंध होता का? – निवृत्त शिक्षक, दारव्हा

गुरुजी, चांगलाच होता. १८८४ ते १८८६ मध्ये इंग्रजांनी तिथल्या एकेका कुळाशी वेगवेगळे करार केले. त्यांना ती जमीन नको होती, त्यांना आखातापलीकडच्या एडन बंदरातल्या आपल्या छावणीला मटण पाहिजे होतं, ते बर्बेराहून यायचं. अन् एडन तेव्हा मुंबई प्रांताखाली, त्यामुळे १८९८ पर्यंत या मुलखाचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या नावाने चालला. बाजारात आपला रुपया चालायचा, तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत. बर्बेराच्या हिवाळी जत्रेत गुजरातकडचे बनिये व्यापारी इंग्रजांच्या आधीपासून यायचे, कापड अन् तांदूळ द्यायचे, डिंक, कातडी, तूप न्यायचे.

सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन नावाच्या धर्मगुरू-कवीने १८९९ पासून वीस वर्षं इंग्रजांशी लढाई केली, ती दाबायला हिंदुस्थानी पलटणी नेल्या होत्या, बिकानेरचं उंटदळ पण. १९२० मध्ये विमानातून बॉम्ब टाकल्यावर ती संपली. दोन वर्षांनी बुराओत टॅक्सवरून दंगा झाला, त्यात एक इंग्रज कप्तान मारला गेला, परत विमानं आणून शहरावर बॉम्ब टाकले, पण टॅक्स मात्र मागे घ्यावा लागला. ऑगस्ट १९४० मध्ये इटलीने हा मुलूख घेतला, १६ मार्च १९४१ ला बर्बेराच्या किनाऱ्यावर पहाटे उतरून तो परत घेणाऱ्यांत हिंदुस्थानी फौजेच्या दोन पंजाब पलटणी होत्या. बर्बेराचं ऊन साहेबांना सोसायचं नाही म्हणून उन्हाळ्यात कचेरी शेखला जायची, जशी आपल्याकडे मध्य प्रांताची पचमढीला जायची. नंतर इंग्रजांनी शेखला निवासी शाळा काढली, तिथं शिकलेली पोरं पुढे मंत्री, अधिकारी झाली. २६ जून १९६० ला ते स्वतंत्र झाले अन् पाचच दिवसांनी, १ जुलैला, दक्षिणेतल्या इटालियन सोमालियाशी स्वखुशीने जोडले गेले. आज त्यांना तेच पाच दिवस फार महत्त्वाचे वाटतात, कारण आम्ही आधी वेगळा देश होतो असं ते त्यावरून सांगतात.

भाऊ, सगळं पुरुषांचंच लिहिलं तुम्ही. बायांचं काय? – बचत गटाच्या अध्यक्षा, पुसद तालुका

बरोबर पकडलंत ताई. तिथलं फिरतं घर बाईचं असतं, शब्दशः तिचं. लग्नात आई अन् मावश्या मिळून ते करून देतात. वाकवलेल्या फांद्यांचा सांगाडा, त्यावर सालीच्या धाग्यांच्या अन् गवताच्या चटया, चटया हातानेच विणलेल्या, जाड, पाऊस अंगावर घेतील अशा. वस्ती हलायची ठरली की बायका पहाटे चटया सोडतात, घडी करून ओझ्याच्या उंटाच्या पाठीवर गादीसारख्या टाकतात, वाकलेल्या फांद्या दोन्ही बाजूंनी बांधतात, त्यात भांडी, त्यात लहान लेकरू, कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू. नव्या जागी पोचलं की दोन-तीन तासांत घर उभं. पुरुष तोपर्यंत काटेरी कुंपण घालतो. नवरा-बायकोचं बिनसलं तर घर तिच्याबरोबर जातं.

लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, शेवटपर्यंत तेच. तिच्यावर अन्याय झाला तर माहेरचं कुळ उभं राहतं. दूध, तूप विकायचा हक्क तिचा, अन् आता शहरांत दूध-मटण-भाजीचा किरकोळ बाजार बायांच्याच हातात आहे. तिथं २००९ पासून झाद नावाची मोबाईलवरून पैसे द्यायची सोय आली, त्यामुळे दूधवाली बाई पण साध्या फोनवर पैसे घेते, इंटरनेट लागत नाही, तुमच्या गटातल्या बायांना हे ऐकून बरं वाटेल.

पण भरपाईत तिची किंमत अर्धी, बुजुर्गांच्या सभेत ती जवळपास नाहीच. अन् मुलींची सुंता, ती तिथं जवळपास सगळ्याच मुलींची होते, अतिशय वेदनेची अन् जिवावर बेतणारी प्रथा. तिच्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिल्या त्या एडना अदान इस्माईल, नर्स अन् सुईण, पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या, अन् २००२ मध्ये स्वतःची पुंजी घालून हरगेसात बाळंतपणाचं हॉस्पिटल काढलं, तिथं सुईणी तयार होतात. त्यांच्याबद्दल शाळेतल्या मुलींना नक्की सांगा.

मेळघाटातली सालई अन् तिकडचा लोबान एकाच झाडाचा का? – वाचक, धारणी

झाड एक नाही, पण एकाच वंशातली भावंडं आहेत. सोमाली डोंगरातलं झाड वेगळ्या जातीचं, ते खडकाला धरून वाढतं, सालीला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो, तो वाळला की खरवडून काढतात. हजारो वर्षांपासून तो मंदिरात, चर्चमध्ये, घरात जळतोय. मागणी वाढल्यावर तिथं झाडांना इतक्या चिरा द्यायला लागले की झाडं वाळताहेत, आपल्या सालईला डिंकासाठी घाव घालणाऱ्यांनी पण हे ध्यानात घ्यावं.

मी पशुवैद्यकाचा डिप्लोमा करतोय. तुमच्या लेखात शेखला जनावरांच्या डॉक्टरांची शाळा आहे असं वाचलं. एवढ्या छोट्या गावात कशी काय? – विद्यार्थी, अकोला जिल्हा

कारण त्या देशाची पोटापाण्याची चावी तिथं आहे, भाऊ. सोमाली भागातून २०१४ मध्ये आखाती देशांत साधारण ५० लाख जनावरं गेली, त्यातल्या ४६ लाख नुसत्या मेंढ्या-बकऱ्या, अन् सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सौदी अरेबिया, हजच्या कुर्बानीसाठी. शेखच्या घाटातून कळपच्या कळप बर्बेराला उतरतात. पण सप्टेंबर २००० मध्ये सौदी अन् येमेनमध्ये रिफ्ट व्हॅली फीवर आला, डासांपासून पसरणारा, मेंढ्यांचे गाभ पाडणारा, माणसालाही मारणारा रोग, आफ्रिकेबाहेर तो तेव्हा पहिल्यांदा निघाला. सौदीने आफ्रिकेच्या शिंगावरून येणारी जनावरं बंद केली. ती बंदी उठायला २००९ उजाडलं. एवढी वर्षं ज्याच्याकडे दुसरा काही धंदाच नाही अशा माणसाने काय केलं असेल, विचार कर. जनावर निरोगी आहे हे सांगणारा, सही करणारा माणूसच देशात उरला नव्हता, युद्धात सगळं खातं मोडलेलं, अन् मान्यता नसलेल्या देशाच्या सर्टिफिकेटला विचारतो कोण.

त्यातून २००२ मध्ये शेखला ही शाळा सुरू झाली. आता ती आफ्रिकेच्या शिंगावरच्या देशांच्या संघटनेशी जोडलेली आहे, शेजारच्या देशांतली पोरं पण तिथं येतात. बहुतेक पोरं उंटवाल्यांच्या घरातली, त्यांना जनावर चालताना बघूनच कळतं की कुठं दुखतंय, शाळेत त्याला रक्त तपासणं, लस, विलगीकरण, मटणाची तपासणी याची जोड मिळते. हवा थंड, आसपास सगळ्या प्रकारची जनावरं, बंदर अन् चराई दोन्ही हाताशी, याहून चांगली जागा कुठली.

तुझ्यासाठी सांगायचं तर त्यांचा सगळ्यात मोठा रोजचा शत्रू अन् आपला एकच आहे, पीपीआर, बकऱ्यांचा प्लेग. आपल्या देशात तो १९८७ मध्ये पहिल्यांदा सापडला अन् आजही विदर्भात कळप झोपवतो. लस एकदा टोचली की सहसा तीन वर्षं पुरते, अडचण असते ती लस थंड ठेवून कळपापर्यंत न्यायची अन् फिरत्या कळपाला वेळेवर गाठायची. हे तुझ्या जिल्ह्यातही करायला माणूस कमी पडतो. उन्हाळ्यात काठेवाडी मेंढ्या अन् आपल्या लोकांच्या मेंढ्या एकाच पाणवठ्यावर येतात तेव्हा पेटी घेऊन तिथं जाऊन बस, प्रत्येक कळपाच्या म्हाताऱ्याला कुठून आलात, मागच्या महिन्यात किती मेल्या, कशा मेल्या हे विचारून वहीत लिही, अन् ती वही तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्याला दाखव. डिप्लोमाच्या प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर हाच घे.